पहिला आकडा कोणी सांगितला?

२००७ साली उडायची दुर्बीण २०२१ च्या नाताळच्या दिवशी उडाली. जेम्स वेब दुर्बिणीची कल्पना १९९० च्या दशकात मांडली गेली तेव्हा तिचा खर्च ५० कोटी ते १ अब्ज डॉलर धरला होता. फ्रेंच गयानातल्या कुरूहून एरियान-५ रॉकेट तिला घेऊन वर गेलं, तोवर हिशेब १० अब्जांच्या घरात पोचला होता. पुढच्या जुलैत तिची पहिली छायाचित्रं आली. तेव्हापासून दोन तऱ्हेची माणसं भेटतात. एक म्हणतात, दसपट खर्च आणि चौदा वर्षं उशीर, एवढ्या पैशात काय काय झालं असतं! दुसरी म्हणतात, फोटो बघा, पैसे वसूल.

मला दोन्ही निवाडे पटत नाहीत. फोटो बघून हिशेब माफ करणाऱ्यांना मी एक विचारतो. टेनिस कोर्टाएवढा तो पाच पदरी ऊन अडवणारा पडदा जानेवारी २०२२ मध्ये अर्ध्यावर अडकला असता तर? एकच भाग बिघडला तरी सगळी मोहीम संपेल अशा ३४४ जागा त्या दुर्बिणीत होत्या. त्यातल्या एकीनं दगा दिला असता तर तेच अभियंते, तेच व्यवस्थापक आणि तीच खर्चाची वही आज गुन्हेगार ठरली असती. निकाल बघून वही तपासायची म्हणजे नशिबाच्या हाती न्याय सोपवायचा. आणि दसपट म्हणणाऱ्यांना विचारतो, कशाच्या दसपट? तो पहिला आकडा कोणी सांगितला होता, कशाच्या आधारावर, आणि तो कमी ठेवण्यात कोणाचं हित होतं?

सरकारी अवकाश मोहिमांच्या खर्चवाढीवर आपण रागावतो तेव्हा राग बहुतेक वेळा शेवटच्या बिलावर निघतो. मूळ चूक पुष्कळदा पहिल्या आकड्यात झालेली असते, आणि तो सांगणारा माणूस तोवर खुर्ची सोडून गेलेला असतो.

माणदेशातल्या आमच्या शेतात विहीर खणायचं ठरलं तेव्हा मी सातवीत होतो. विहिरीतला दगडमाती वर काढायची यारी घेऊन फिरणारे दोन यारीवाले येऊन जागा बघून गेले. पहिल्यानं सगळ्या विहिरीचा एकच आकडा सांगितला. सात परस (परस म्हणजे पुरुषभर खोली), उक्तं काम, तुमच्या डोक्याला ताप नाही. दुसरा एक आकडा सांगायला तयारच होईना. तो म्हणाला, मुरूम असेपर्यंत उक्तं घेतो. मांजऱ्या, म्हणजे मुरमाखालचा मऊसर खडक, लागला की परसाला दर ठरवू. काळा पाषाण लागला तर माणसं रोजानं आणि सुरुंगाचे पैसे वेगळे. वडील पहिल्याकडे झुकले होते, कारण त्याचा आकडा कमी होता आणि ऐकायला पक्का होता. आजोबांनी त्याला एवढंच विचारलं, “खाली काय आहे ते तुला दिसलंय का?” तो गप्प राहिला. काम दुसऱ्याला दिलं. साडेचार परसावर काळा पाषाण लागला आणि विहीर पुरी होईपर्यंत पहिल्याच्या आकड्याच्या जवळजवळ दुप्पट पैसे गेले. त्याच उन्हाळ्यात पहिल्यानं शेजारच्या वाडीवर विहीर घेतली होती. खडक लागल्यावर तो यारी उचलून निघून गेला. तो खड्डा पुढे कित्येक वर्षं तसाच होता, त्यात कडुलिंब उगवला होता.

वडिलांच्या वहीत आमच्या विहिरीचे तीन रकाने होते: मुरूम, मांजऱ्या, पाषाण. लोक म्हणायचे, विहिरीला दुप्पट पैसे गेले. दुप्पट कशाच्या? ज्यानं खाली पाहिलंच नव्हतं त्याच्या आकड्याच्या. तो आकडा विहिरीची किंमत कधीच नव्हता.

ज्याचं नाव त्या दुर्बिणीला दिलं, तो माणूस हे ओळखून होता. १९६० च्या दशकातले नासाचे प्रमुख जेम्स वेब शास्त्रज्ञ नव्हते, मुरलेले प्रशासक होते. १९६१ मध्ये केनेडींनी चंद्रावर माणूस उतरवायचं ठरवलं, तेव्हा नासाच्या माणसांचा अंदाज दहा-बारा अब्ज डॉलरच्या आसपास होता असं सांगतात. वेब यांनी वरच्यांना २० अब्ज सांगितले. अपोलोचा शेवटचा हिशेब साधारण २५ अब्जांचा झाला. वेब यांच्या आकड्यापासून मोजलं तर खर्च पाव पटीनं वाढला. खालच्या अंदाजापासून मोजलं तर दुपटीच्या पुढे गेला. रॉकेट तेच, चंद्र तोच, गेलेले पैसेही तेवढेच.

वेब यांना मोठा आकडा सांगणं परवडलं, कारण सोव्हिएत युनियनशी चढाओढ होती आणि तिजोरी उघडी होती. १९९० च्या दशकात नासाकडे ती सोय नव्हती. डॅन गोल्डिन प्रमुख होते आणि ‘अधिक जलद, अधिक चांगलं, अधिक स्वस्त’ हा त्यांचा मंत्र होता. अशा वेळी खरा आकडा सांगणारा प्रकल्प रांगेतून बाहेर पडतो आणि कमी सांगणारा आत जातो. याला मी सरसकट लबाडी म्हणणार नाही. ज्याला दुर्बीण मनापासून हवी असते त्याला ती स्वस्तात होईल असं मनापासून वाटतही असतं. पण मंजुरी देणाऱ्यांनाही कमीच आकडा ऐकायचा असतो, आणि मग खाली काय आहे हे विचारायला टेबलाच्या कुठल्याच बाजूला कोणी उरत नाही.

वेब दुर्बिणीच्या वाढलेल्या खर्चात खरा काळा पाषाण पुष्कळ होता. बेरिलियमचे अठरा षटकोनी आरसे मिळून साडेसहा मीटरचा एक आरसा करायचा आणि तो उणे २३० अंश सेल्सियसच्या आसपास काम करणार. धातू थंडीत आक्रसतो. म्हणून आरसा खोलीच्या तापमानाला मुद्दाम किंचित चुकीचा घासायचा, अतिथंड दालनात नेऊन तो कसा वळतो ते मोजायचं, परत आणून पुन्हा घासायचा, अशा बेतानं की अवकाशातल्या थंडीत तो बरोबर आकाराला येईल. हे आधी कोणी या प्रमाणावर केलेलं नव्हतं. अशा कामाचा अचूक अंदाज १९९७ मध्ये मागणंच चूक होतं. या पाषाणाला लागलेल्या पैशाबद्दल कोणालाही दोष द्यायला मी तयार नाही.

दुसरा पैसा गेला तो हिशेबाच्या खोटेपणात. २०१० मध्ये सिनेटर बार्बरा मिकुल्स्की यांनी स्वतंत्र चौकशीची मागणी केली आणि जॉन कसानी यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. तिचा निष्कर्ष आजही वाचण्यासारखा आहे. तांत्रिक काम चांगलं चाललंय, दोष अंदाजपत्रकाचा आणि व्यवस्थापनाचा आहे, असं तिनं स्वच्छ लिहिलं. २००८ मध्ये पक्क्या झालेल्या आकड्यात ठाऊक असलेल्या अडचणींचेही पैसे धरलेले नव्हते आणि राखीव रक्कम तोकडी होती. म्हणजे यंदा पैसे कमी पडले की काम पुढच्या वर्षावर ढकलायचं, आणि ढकललेलं काम महाग व्हायचं, कारण हजारो माणसांचे पगार दरम्यान चालूच असतात. घर बांधताना स्लॅबचे पैसे वेळेवर आले नाहीत तर गवंडी आणि सेंट्रिंगचं भाडं दोन्ही अंगावर बसतं, तसंच हे. या खर्चवाढीचा जाब कारखान्यातल्या अभियंत्याला विचारणं अन्यायाचं आहे. तो मुख्यालयाला आणि दर वर्षी पैशाला कात्री लावणाऱ्यांना विचारायला हवा.

त्यानंतर काय झालं ते महत्त्वाचं आहे. २०११ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या खालच्या सभागृहातल्या समितीनं दुर्बीण रद्द करायचा प्रस्ताव आणला. ती वाचली आणि त्याच वर्षी नासानं सगळा हिशेब नव्यानं मांडला: एकूण ८.८ अब्ज डॉलर, उड्डाण २०१८. माझ्या मते हा त्या दुर्बिणीचा पहिला प्रामाणिक आकडा होता, कारण तो खडक दिसल्यावर सांगितलेला होता. त्या आकड्यापासून मोजलं तर नासाचा शेवटचा खर्च साधारण ९.७ अब्जांवर थांबला. दहा टक्क्यांच्या आसपास वाढ.

आता वाटेल की दसपटीची दहा टक्के करून मी सगळ्यांना सोडून देतोय. उलट, खरा राग यायला हवा तो याच दहा टक्क्यांवर. ऊन अडवणाऱ्या पडद्याच्या आवरणाची ध्वनिचाचणी झाली तेव्हा त्यातले स्क्रू आणि वॉशर डझनावारी सुटून खाली पडले. ते यानात कुठं कुठं जाऊन बसलेत हे शोधण्यात महिने गेले. इंधनाच्या झडपा साफ करायला चुकीचं रसायन वापरलं आणि झडपा खराब झाल्या. एका जोडणीत तार चुकली आणि उपकरणांना झेपेल त्याहून जास्त विद्युतदाब गेला. टॉम यंग यांच्या समितीनं २०१८ मध्ये हिशेब मांडला: टाळता येण्याजोग्या मानवी चुकांपायी सुमारे ६० कोटी डॉलर आणि दीड वर्ष. इथं कुठलाही काळा पाषाण नव्हता. स्क्रू कसा बसवायचा हे माणसाला ठाऊक आहे. शिवाय करार असा होता की होईल तो खर्च सरकार देणार आणि वर कंपनीचं शुल्क. म्हणजे रोजंदारीचं काम. चूक कंपनीच्या माणसांची, दुरुस्तीचा रोज सरकारच्या खात्यावर.

दहा अब्ज हा एकच आकडा समोर ठेवला की आरसा घासणारा आणि स्क्रू सैल सोडणारा एकाच रांगेत उभे राहतात. पहिल्यानं मानवजातीला नवं काहीतरी दिलं, दुसऱ्यानं हलगर्जी केली. दोघांना एकच शिक्षा किंवा एकच शाबासकी देणारा हिशेब मला मान्य नाही.

याच फूटपट्टीनं नासाचं महाकाय रॉकेट एसएलएस मोजलं तर मी त्याची बाजू घेऊ शकत नाही. २०१० च्या कायद्यानं ते काँग्रेसनं नासाकडून मागून घेतलं आणि २०१६ अखेर तयार हवं असं सांगितलं. ते १६ नोव्हेंबर २०२२ ला उडालं. त्याची मुख्य इंजिनं स्पेस शटलची. बाजूच्या बूस्टरांचा वंशही शटलचाच. जुने करार आणि जुना कामगारवर्ग शक्य तितका वापरावा हेही कायद्यातच होतं. म्हणजे खाली काय आहे ते इथं बऱ्यापैकी दिसत होतं. तरीही मार्च २०२२ मध्ये नासाचे महानिरीक्षक पॉल मार्टिन यांनी सांगितलं की चंद्रावर पुन्हा माणसं नेण्याच्या ‘आर्टेमिस’ कार्यक्रमाच्या पहिल्या चार मोहिमांत दर उड्डाणाला ४.१ अब्ज डॉलर लागतील आणि हा खर्च परवडणारा नाही. यात रॉकेट आणि यान विकसित करण्याचा खर्च धरलेलाच नाही. त्या रॉकेटच्या पुढच्या आवृत्तीसाठी एक उड्डाणमनोरा बांधायला २०१९ मध्ये ३८ कोटी डॉलरच्या आसपासचं कंत्राट दिलं. २०२४ मध्ये महानिरीक्षक कार्यालयाचा अंदाज २.७ अब्जांवर गेला. आरशाला मी माफ करतो, पोलादी मनोऱ्याला नाही. मनोरा ठरलेल्या वजनात बसवणं कठीण असेल, पण माणसानं पोलाद जोडायला कालपरवा सुरुवात केलेली नाही.

मग सगळंच उक्तं का देऊ नये, असा प्रश्न येतो. २०१४ मध्ये नासानं अंतराळवीर नेण्याचं काम ठरावीक किमतीवर दोन कंपन्यांना दिलं. बोईंगला ४.२ अब्ज, स्पेसएक्सला २.६ अब्ज. स्पेसएक्सनं मे २०२० मध्ये माणसं पोचवून दाखवली. बोईंगचं स्टारलायनर रखडत गेलं, पण बुडालेले दोन अब्जांच्या घरातले पैसे बहुतांशी बोईंगच्या ताळेबंदातून गेले. माझ्या मते हा गेल्या पंधरा वर्षांतला मोठाच धडा आहे. पण पृथ्वीच्या कक्षेत माणूस नेणं हा मुरूम आहे, साठ वर्षं खणलेला. वेबचा आरसा २००२ मध्ये कोणी उक्ता घेतला असता तर त्यानं एक तर अवाच्या सवा पैसे मागितले असते, किंवा मधेच यारी उचलली असती. आमच्या यारीवाल्याला हे शाळेत न जाता कळलं होतं.

पैसे कमी लागले म्हणजे काम चांगलं, हा तर आणखी घातक समज. १९९९ मध्ये नासाची मंगळावरची दोन यानं अडीच महिन्यांत वाया गेली. मार्स क्लायमेट ऑर्बिटरच्या बाबतीत एका बाजूनं पौंडात आणि दुसऱ्या बाजूनं न्यूटनमध्ये आकडे धरले होते, हा किस्सा सगळ्यांना ठाऊक आहे. त्यानंतरच्या तपासणीचा अहवाल मात्र फार कोणी सांगत नाही. तीही टॉम यंग यांचीच समिती. त्या मोहिमांना लागायला हवे होते त्याहून किमान ३० टक्के पैसे कमी दिले होते, असं तिनं म्हटलं. हबलचंही तेच. संपूर्ण दुर्बीण जोडून जमिनीवर एकत्र तपासणं खर्चिक म्हणून गाळलं, आणि १९९० मध्ये वर गेल्यावर कळलं की आरशाची कड केसाच्या पन्नासाव्या भागाइतकी जास्त घासली गेली आहे. ती दृष्टी सुधारायला १९९३ मध्ये अंतराळवीर पाठवावे लागले.

आता घरच्या गोष्टीकडे येतो. महाराष्ट्रात ‘प्रकल्पाचा खर्च वाढला’ म्हटलं की डोळ्यांपुढं विदर्भातला गोसीखुर्द धरणाचा प्रकल्प येतो. १९८३ मध्ये ३७२ कोटींचा प्रकल्प सुप्रमा घेत घेत १८ हजार कोटींच्या पुढे गेला. ‘सुप्रमा’, म्हणजे सुधारित प्रशासकीय मान्यता, हा शब्द आमच्याकडे शेतकऱ्याच्या पोरालाही पाठ आहे. त्यामुळे वाढलेला आकडा म्हणजे कोणीतरी खाल्लं, हे आपल्या मनात आपोआप उमटतं. तो संशय अनुभवातून आलेला आहे, मी त्याला नावं ठेवणार नाही. पण त्याच संशयाची दुसरी बाजू म्हणजे इस्रोच्या स्वस्ताईचं कौतुक, आणि ते मला तितकंच चिंतेचं वाटतं.

मंगळयान ४५० कोटींत झालं. किलोमीटरला सात रुपये, रिक्षापेक्षा स्वस्त, असा हिशेब २०१४ मध्ये पंतप्रधानांनी सांगितला आणि तो घरोघरी पोचला. मलाही त्या दिवशी अभिमान वाटला होता, आजही वाटतो. पण त्या यानावर शास्त्रीय उपकरणं होती १५ किलोंची. त्याच महिन्यात मंगळावर पोचलेल्या नासाच्या मेव्हन यानावर ६५ किलोंची. आपल्या पीएसएलव्ही रॉकेटची ताकद कमी म्हणून पृथ्वीभोवती घिरट्या घेत वेग वाढवला, ही आपल्या लोकांची हुशारी. ती मात्र रिक्षाच्या हिशेबात दिसत नाही. चांद्रयान-३ सुमारे ६१५ कोटींत उतरलं, त्याआधीच्या मोहिमेला ९७८ कोटी लागले होते. कारण चंद्राभोवती फिरणारं चांद्रयान-२ चं ऑर्बिटर आधीच वर होतं, आणि त्याच मोहिमेतलं उतरणारं यान, विक्रम, २०१९ मध्ये का आदळलं याचं ज्ञानही आधीच विकत घेतलेलं होतं. दोन्ही वह्या एकत्र वाचल्याशिवाय उतरण्याची खरी किंमत कळत नाही. आणि ‘आमचे शास्त्रज्ञ स्वस्तात करतात’ हे कौतुक वारंवार झालं की उद्या एखादी चाचणी गाळायचा मोह कोणाला तरी होईल. यानात माणसं बसणार असतील तर तो मोह जीवघेणा आहे.

माणसं बसणारच आहेत. गगनयानाला डिसेंबर २०१८ मध्ये मंजुरी मिळाली तेव्हा रक्कम १० हजार कोटींच्या आत होती, नेमकी ९,०२३ कोटी, आणि २०२२ चं वर्ष सांगितलं होतं. सप्टेंबर २०२४ मध्ये ती २०,१९३ कोटी झाली. ‘खर्च दुप्पट, वर्षं सहा उशीर’ असा मथळा देता येईल आणि तो आकड्यानं खोटा ठरणार नाही. पण त्या वाढीव ११,१७० कोटींत भारतीय अंतराळ स्थानकाचा पहिला भाग उभारण्याचं काम धरलं आहे, आणि डिसेंबर २०२८ पर्यंत एकूण आठ मोहिमा. म्हणजे विहीर खणता खणता आपण शेजारी तळंही मागितलं आहे. शिवाय अंतराळवीरांना श्वास घेता येईल अशी हवा यानात राखणारी यंत्रणा परदेशातून मिळेना, म्हणून ती इथंच करायचं ठरलं. हा खरा पाषाण.

तरीही ‘व्याप्ती वाढली’ एवढ्या दोन शब्दांवर मी समाधानी नाही. हेच दोन शब्द गोसीखुर्दच्या फायलींतही सापडतील. म्हणून २०,१९३ कोटींचे रकाने वेगळे करून संसदेपुढं यायला हवेत. स्थानकासाठी किती? महागाईपोटी किती? जे आधी कोणी केलं नव्हतं ते शिकण्यात किती? आणि कोणाच्या तरी हलगर्जीपणात, चुकलेल्या खरेदीत, पुन्हा कराव्या लागलेल्या कामात किती? शेवटचा रकाना शून्य असेल तर मला आनंदच होईल, पण शून्य आहे हे लिहून मिळायला हवं. आणि २०१८ चा अंदाज कशावर बांधला होता, त्यात न दिसणाऱ्या गोष्टींसाठी किती राखून ठेवलं होतं, हेही त्याच कागदावर यावं.

कॅगनं, संसदेच्या समितीनं आणि आपण वाचकांनीही हे यान उडायच्या आधी मागायला हवं. उड्डाण झाल्यावर, ते जमलं तरी आणि फसलं तरी, वही उघडायला कोणाला सवड नसेल.